आडव्या शिंगांची जोडी

पुरणपोळीचं ताट घेऊन केशरबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, तर पाटावर माणूस. ज्या पाटावर आजवर त्यांच्या घरात कुणी बसलं नव्हतं, सासू नाही, सासूची सासू नाही, त्या पाटावर त्यांचा भाडेकरू मांडी ठोकून बसला होता. अंघोळ केलेली, इस्त्रीचा सदरा, ओल्या केसांचा भांग. समोर लाकडी बैलांची जोडी, तिच्या गळ्यात झेंडूची माळ, आणि जोडीशेजारी बशीत मांडलेला टोस्ट त्याने उचलून कोऱ्या कॉफीत बुडवला होता. डोळे मिटून तो सावकाश चावत होता. केशरबाईंच्या हातात ताट तसंच राहिलं. आपण ओरडायला हवं हे त्यांना कळत होतं. तोंड काही त्यांचं मुकं नव्हतं. भिंगारच्या आळीत त्यांच्या जिभेला माणसं वचकून असत, आणि इथे परदेशात, क्लेमेंटीतल्या या इमारतीतही, लिफ्टमध्ये त्या दिसल्या की कुत्रेवाला बापडा दुसऱ्या लिफ्टची वाट बघायचा. पण त्या घटकेला त्यांना एवढंच दिसलं, की पोळीवरचं तूप ओघळून ताटाच्या कडेला चाललंय आणि ते आता आपल्या मनगटावर येणार. तेवढ्यात भाडेकरूने डोळे उघडले, ओळखीचं हसला आणि म्हणाला, "आजी, शुगर?"

ताट त्यांनी टेबलावर ठेवलं. साखर दिली नाही. खोलीकडे तोंड करून हाक मारली, "इरे! बाहेर ये. आणि कानातली ती बुचं काढून ये." इरा, त्यांची नात, सोळा वर्षांची, बाहेर आली आणि तिने पाटाकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. "ओह नो," ती म्हणाली. "ओह नो काय? विचार त्याला, देवापुढचं उचलून खायची कुठली रीत." इराने विचारलं. तो गडी तटकन उठला, लाल होता तो आणखी लाल झाला, आणि भराभरा काही बोलला. इरा खाली बघत म्हणाली, "आजी, तो म्हणतो तूच बोलावलंस. काल." "मी?" "काल तू बैलांच्या कानात म्हणत होतीस ना, ते बोलावणं. तो शूज काढत होता. मला विचारलं, व्हॉट्स शी सेइंग. मी म्हटलं, शी सेज कम फॉर डिनर टुमॉरो. मला काय माहीत ही थॉट इट्स फॉर हिम, लाह." इथलं ते 'लाह' तिच्या बोलण्याच्या शेपटाला सवयीने यायचं. आणि खरंच, टेबलावर मॅंगोस्टीनची पिशवी होती. पाहुणा येतो तसा तो फळं घेऊन आला होता.

काल खांदेमळण होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. केशरबाईंनी ते लाकडी बैलांच्या कानात म्हटलं होतं, वर्षभर ज्या आवाजात त्या कुणाशी बोलत नाहीत त्या आवाजात. तोंड नेमकं दाराकडे होतं. दारात हा उभा होता हे त्यांना दिसलंही असेल, पण घरात ठेवलेल्या माणसाकडे बघण्याची त्यांना सवय नव्हती. रिआन त्याचं नाव. दक्षिण आफ्रिकेचा. इथल्या विद्यापीठात मातीचा अभ्यास करायला आलेला, आणि दिलीप, केशरबाईंचा मुलगा, जहाजावर इंजिनियर, वर्षातला अर्धा वेळ पाण्यावर, म्हणून त्याची अभ्यासाची खोली रिकामी, म्हणून सुनेने, स्मिताने, हा आणून ठेवलेला. मातीचा अभ्यास म्हणजे काय करतो हे केशरबाईंनी एकदा विचारलं होतं. बाटल्यांमध्ये माती भरून हलवतो, असं इरा म्हणाली. शेतकऱ्याच्या लेकीने यावर काय बोलावं? त्या काही बोलल्या नव्हत्या, म्हणजे त्यांच्या मानाने फारच थोडं बोलल्या होत्या.

आता तो उभा आणि त्या उभ्या, मध्ये पाट. टोस्टचा अर्धा तुकडा बशीत राहिला होता, त्याचं कॉफीत भिजलेलं टोक मऊ होऊन वाकलं होतं. केशरबाईंना मथुरा आठवली, त्यांची थोरली जाऊ. मथुराचा पोरगा, चार वर्षांचं लेकरू, एका पोळ्याला रांगेतून उठलं आणि पाटाशेजारचा टोस्ट उचलून त्याने तोंडात घातला. सासूबाईंनी एका हाताने त्याची मान धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट तोंडात घालून तो तुकडा बाहेर काढला. पोरगं काळंनिळं होईस्तोवर रडलं. मथुरा म्हणाली, "वाळका टोस्ट माझ्या लेकरापरीस मोठा झाला का?" सासूबाई म्हणाल्या, "त्यो आपला न्हाई." एवढंच. त्या वर्षी सासूबाईंनी बैलांची जोडी फडक्यात बांधली आणि थोरलीला डावलून केशरच्या पदरात घातली. केशर तेव्हा नवी होती, चौथी शिकून सोडलेली, पण तिला कळलं की या घरात आपल्याला काहीतरी मिळालं जे मथुराला मिळालं नाही. तो अभिमान तिने पन्नास वर्षं ताठ मानेने वागवला. मथुरा वारली, तिच्या लेकराला नातवंडं झाली, भिंगारचं घर भावकीत वाटलं गेलं, नवरा गेला, दिलीपने विमानात बसवलं. जोडी मात्र केशरबाईंच्या मांडीवर. विमानतळावर सामान तपासणाऱ्या पोरीने फडकं सोडायला सांगितलं तर केशरबाई तिला मराठीत अशा काही बोलल्या की तिने न सोडताच यंत्रात सरकवलं.

रीत अशी होती. पोळ्याला बैलांना पुरणपोळीचा नैवेद्य, तो मग घरातल्यांनी खायचा. पण जोडीच्या उजव्या अंगाला एक रिकामा पाट मांडायचा, आणि पाटापुढे एक टोस्ट आणि एक कप कोरी कॉफी. ज्या घरात कुणी कॉफीचा घोट घेतला नाही त्या घरात या एका दिवसासाठी कॉफीची पुडी यायची. दुसऱ्या दिवशी टोस्ट झाडाच्या बुडाशी पुरायचा, कॉफी तिथेच ओतायची. का, हे कुणी सांगितलं नाही. नव्या नवरीने, केशरने, एकदा विचारलं, "हा कुणाचा वाटा?" सासूबाई म्हणाल्या, "ज्याचा हाय त्याचा. तू ठिव." आता क्लेमेंटीत केशरबाईंनी तेही नेमाने केलं होतं. टोस्ट तेक्का बाजारातल्या देशी दुकानातून, आणि घरातली कॉफी संपली म्हणून यंदा इराने खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून पिशवीत बांधून आणलेली. कोपी ओ कोसाँग, म्हणजे बिनदुधाची, बिनसाखरेची. "साखर नको सांग हां," असं त्यांनी बजावून सांगितलं होतं, कारण सासूबाईंनी कधी घातली नव्हती.

रिआन काहीतरी सांगत होता. त्याच्या आजीच्या घरी शेतावर रोज पहाटे हेच असायचं, असं इरा म्हणाली. भाजून वाळवलेला जाड टोस्ट आणि काळी कॉफी, त्यात बुडवायचा. शिकारीला जाताना, बैलगाडीतून लांबच्या वाटेला निघताना तेच. महिनोन्‌महिने टिकतो. तो इथे आल्यापासून त्याने खाल्ला नव्हता. "तो म्हणतो, दार उघडलं आणि त्याला वाटलं तू त्याच्याबद्दल वाचलंस. म्हणून त्याच्यासाठी त्याच्या घरचं मांडलंस. त्याला रडायला आलं होतं, आजी." "वाचलंस!" केशरबाई म्हणाल्या. "मी वाचते होय." पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. रिआन गुडघ्यावर बसून बैलांकडे बघत होता. हात मागे बांधून. शिवत नव्हता, एवढं तरी त्याला कळलं होतं. तो शिंगांकडे बघत होता.

शिंगांचं केशरबाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या खिल्लारांत वाढल्या. खिल्लाराचं शिंग कपाळावरून मागे जातं, जवळजवळ, तलवारीसारखं, वर. या जोडीची शिंगं आडवी होती. कानांच्या वरून दोन्ही अंगांना पसरून, खाली झुकून, मग टोकाशी वर वळलेली. वशिंड होतं, गळ्याखाली लोंबती पोळी होती, पण डोकं परकं होतं. घरात सांगत की रावजीबाबांना, नवऱ्याच्या पणजोबांना, शिंगं जमली नाहीत. संवत छपन्नच्या, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, दुष्काळात रावजीबाबांची जोडी चाऱ्यावाचून दावणीत मेली आणि त्या दुःखात त्यांनी बाभळीच्या लाकडात ती कोरली, अशी घरची गोष्ट. ही गोष्ट केशरबाईंनी किती जणांना सांगितली असेल. परवा इथल्या मराठी मंडळाच्या बायकांना सांगितली, तर त्या इतक्या भारावल्या की येत्या रविवारी मुलांच्या पोळ्याच्या कार्यक्रमात आजींनी जोडी घेऊन यायचं आणि मंचावर बसून गोष्ट सांगायची, असं ठरलं. स्मिताने पत्रिका छापली, तीवर बैलांचा फोटो, खाली 'पणजोबांच्या हातची कला'. पण ज्याने जन्मभर खिल्लार हाकले त्या माणसाला मेलेल्या बैलाची शिंगं आठवू नयेत? चेहरा विसरेल माणूस, शिंग विसरणार नाही. हे केशरबाईंच्या मनात पन्नास वर्षं होतं आणि पन्नास वर्षं त्यांनी त्यावर शेंदूर चढवला होता. दर पोळ्याला एक थर. आता बैलांचे डोळेही बुजून गेले होते.

"हे आमच्याकडचे बैल आहेत," रिआन म्हणाला, आणि इराने ते मराठीत म्हटलं तेव्हा ते जास्तच उघडं वाटलं. मग त्याने सांगितलं आणि इरा सांगत गेली, मध्ये मध्ये त्याला थांबवत, मध्ये मध्ये स्वतःच अडखळत. त्याचे पूर्वज हॉलंडहून आफ्रिकेत गेलेले. शेतकरी. बोअर म्हणतात त्यांना. बैलगाड्यांतून आत आत गेले आणि शेती केली. इंग्रजांना त्यांच्या जमिनीखालचं सोनं हवं झालं. लढाई झाली. शेतकरी घोड्यावर बसून लढले, आवरेनात, तेव्हा इंग्रजांनी शेतं जाळली, घरं जाळली, गुरं गोळ्या घालून मारली, बायकापोरं तारेच्या कुंपणात कोंडली आणि तिथे ती तापाने, उपासाने मेली, पोरं जास्त. पुरुष पकडून जहाजात घातले आणि लांब लांब नेऊन टाकले. सिलोनला, कुठल्या बेटांवर, हिंदुस्थानात. तिथे छावणीत दिवस जात नसत म्हणून ते लाकूड कोरत बसायचे. पेट्या, काठ्या, चिलमी. "अहमदनगर," रिआन म्हणाला, हे त्याने स्वतःच म्हटलं, इराच्या आधी. "अहमदनगर फोर्ट."

केशरबाई खाली बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या जमिनीवर बसत नसत, पण बसल्या. किल्ला. भिंगारच्या त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्या नव्या असताना खंदकाच्या काठाने बाभळीच्या शेंगा गोळा करायला जायच्या. किल्ल्यात मोठमोठे पुढारी कैदेत होते हे शाळेत सांगत, त्याआधी कोण होतं ते कुणी सांगत नव्हतं. आणि घरच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, जो त्या मंचावर सांगणार नव्हत्या कारण तो सांगण्यासारखा वाटला नव्हता, तो आता वर आला: स्वतःची जोडी मेल्यावर रावजीबाबा सरकारी बैल जुंपून किल्ल्यात गाडी नेत. पाणी, सरपण, वैरण. दोन वर्षं. म्हणजे आत एक माणूस होता ज्याचे बैल गोळीने मेले, आणि त्याच्यासाठी पाणी आणणारा माणूस होता ज्याचे उपासाने. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नसणार. बैल मात्र कळत असतील.

"म्हणजे गोऱ्यांनी गोऱ्यांनाच?" त्या म्हणाल्या. "लाज नाही मेल्यांना." "आजी, याचे लोक पण नंतर फार नाइस नव्हते, लाह," इरा म्हणाली. "तिथल्या काळ्या लोकांना त्यांनी जे केलं, वी डिड इट इन स्कूल." आणि ती रिआनलाही इंग्रजीत तेच म्हणाली, पोरगी आजीवर गेली होती. तो म्हणाला, हो. केशरबाईंना ते बरं वाटलं. माणसाने आपल्या घराबद्दल सारवासारव केली नाही की त्या त्याला जरा जागा देत. त्यांनी विचारलं, "तुझ्या घरचा कुणी होता का रे नगरला?" त्याच्या खापरपणजोबांना सिलोनला नेलं होतं. नगरला नाही. "मग हे तुझं नाही." नाही, तो म्हणाला. "मग खाल्लंस कशाला?" इराने हे सांगितल्यावर तो इतका मोठ्याने हसला की शेजारच्या कोह आजीने आपलं दार किलकिलं केलं. "तो म्हणतो, कारण तू बोलावलंस."

रात्री स्मिता पाया लेबारच्या ऑफिसातून आली, तिला इराने सगळं सांगितलं, आणि स्मिता पर्स खांद्याला तशीच लटकलेली ठेवून उभी राहिली. "आई, हे तो म्हणतो म्हणून. त्याला एक बैल दिसला आणि त्याने गोष्ट रचली. रविवारी तुम्ही आपली नेहमीची गोष्ट सांगा. लोकांना सांगून झालंय. पत्रिका गेल्यात." "मी कुठे काय म्हटलं?" "तुमचं तोंड म्हणतंय." "माझं तोंड पन्नास वर्षं असंच आहे." "आणि समजा खरं असेल तरी मुलांना काय सांगणार? की आपल्या पणजोबांनी जेलमधून..." स्मिता थांबली. शब्द तिने पुरा केला नाही, पण तो जेवताना टेबलावरच होता. मॅंगोस्टीनची सालं काढताना इराची बोटं जांभळी झाली होती. पुरणपोळ्या चांगल्या झाल्या होत्या, पण निम्म्या तशाच उरल्या.

न पुरा केलेला तो शब्द केशरबाईंनी स्वतःच पुरा केला. चोरून. मेलेल्याच्या उशाखालून, किंवा उपाशी माणसाला मूठभर तंबाखू दाखवून. माणूस ज्याच्याकडून राजीखुशीने घेतो त्याचा वाटा दरवर्षी का काढेल? भेट आली की माणूस विसरतो. वाटा काढतो ते ज्याचं आपल्याकडे राहिलं त्याचा. गावात कुणाच्या हातून वावराच्या बांधावर कुणी मेलं तर त्या घरात अमावास्येला उंबऱ्याबाहेर पान मांडलेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि मांडणारी बाई पानाकडे न बघता आत वळायची. सासूबाई तशा नव्हत्या. सासूबाई पाटाकडे बघायच्या. इतर देवांपुढे बसल्या की त्यांचं मागणं संपायचं नाही, पाऊस मागत, लेकाला अक्कल मागत, मथुराची जीभ झडो म्हणत. पण त्या पाटासमोर हात जोडून उभ्या राहिल्या तर कधी काही मागितलं नाही. नुसत्या उभ्या राहत. चोराच्या घरची बाई अशी उभी राहील का? राहीलही. केशरबाईंना ठरवता येईना, आणि न ठरवता येण्याची त्यांना सवय नव्हती. आयुष्यभर कोण चूक आणि कोण बरोबर हे त्यांना माणूस उंबऱ्यात यायच्या आधी कळत आलं होतं.

सकाळी जळक्या कागदाचा वास आला. चिनी लोकांचा भुतांचा महिना, भुतांसाठी कागद जाळायचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लागला होता. केशरबाई लिफ्टने खाली गेल्या, हातात पदराखाली झाकलेली बशी, अर्धा टोस्ट आणि उरलेली कॉफी. दरवर्षी त्या ती पार्किंगमागच्या मोठ्या शिरीषाच्या झाडाखाली पुरत, चोरून, कारण या देशात झाडाखाली काही पुरलं तर कुठला तरी दंड असणारच असा त्यांचा अंदाज होता. अर्धा खाल्लेला टोस्ट पुरायचा का, हे सासूबाईंनी सांगितलेलं नव्हतं. गवताच्या कडेला कोह आजी उकिडवी बसून मेणबत्त्या लावत होती. तिच्यापुढे कागदी ताटलीत संत्री, भात, चौकोनी बिस्किटं, आणि एका पेल्यात कॉफी. काळी. केशरबाई दरवर्षी हे बघून नाक मुरडत. आपल्या पितरांचं करावं, रस्त्यावरच्या भुतांचं कशाला? आज त्या थांबल्या आणि पेल्याकडे बोट करून, मिळेल त्या इंग्रजीत म्हणाल्या, "हूज? युवर हजबंड?" कोह आजीने मान हलवली. "नो लाह. माय हजबंड फोटो अपस्टेअर्स, इन माय हाउस. दिस वन नोबडी वन. नो फॅमिली. समबडी मस्ट गिव्ह." मग तिने केशरबाईंच्या पदराखालच्या बशीकडे पाहिलं आणि आपली ताटली जरा सरकवून गवतावर जागा केली. केशरबाईंनी ती जागा पाहिली. मग बशी तिथे न ठेवता, काही न पुरताच, त्या लिफ्टकडे वळल्या. आपला पाहुणा दुसऱ्याच्या पंगतीत बसवण्याइतक्या त्या अजून खाली आल्या नव्हत्या.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये गार वाऱ्याची यंत्रं इतकी सोडली होती की केशरबाईंनी पदर कानावर घेतला. ऑगस्टमधल्या इथल्या राष्ट्रीय दिनाचे लाल-पांढरे झेंडे अजून भिंतीवर होते. पोरं चकचकीत कुर्ते घालून खाली बसली होती, पुठ्ठ्याचे बैल घेऊन. स्मिता पहिल्या रांगेत, हात मांडीवर घट्ट. इरा भिंतीला टेकून, तिच्याशेजारी रिआन, त्याला कुणी बोलावलं नव्हतं असं नव्हे, केशरबाईंनीच दारातून म्हटलं होतं, "येतोस तर ये." मंचावरच्या बाईंनी ओळख करून दिली, पणजोबांची कला, आपल्या मातीचा वारसा, आणि माईक केशरबाईंच्या तोंडाशी आणला. केशरबाईंनी मांडीवरचं फडकं सोडलं. जोडी उजेडात नेहमीपेक्षा लहान दिसली. "आमचे रावजीबाबा," त्यांनी सुरुवात केली, जशी त्या नेहमी करत, "त्यांची जोडी दुष्काळात मेली." पोरं बघत होती. गोष्टीचं पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं, पन्नास वर्षांचं, गुळगुळीत झालेलं, नुसतं सोडायचं होतं. त्यांचा अंगठा शिंगावर होता. "त्यांनी बैल कोरले नाहीत," त्या म्हणाल्या. "हे बैल आमचे नाहीत. ही शिंगं बघा, आपल्याकडे असं शिंग असतं का? नाही असत. मला पहिल्यापासून दिसत होतं." स्मिताने मान खाली घातली. "दुसऱ्या मुलखातला एक शेतकरी इंग्रजांनी आमच्या गावात आणून कोंडला होता. त्याचं शेत जाळलं होतं, बैल मारले होते. तो काय कोरील? त्याने बैल कोरले. ते आमच्या घरी आले. आता कसे आले ते मला माहीत नाही. त्याने दिले असतील. आमच्या म्हाताऱ्याने उचलले असतील. सांगायला कुणी उरलं नाही. दरवर्षी आम्ही त्याचा वाटा काढून ठेवतो आणि पाट मांडतो, एवढं मला माहीत आहे."

पोरं शिंगं बघायला पुढे सरकली. मागून एक बाई, चांगल्या घरची, शांत आवाजात म्हणाली, "मग काकू, हे परत द्यायला नकोत का?" केशरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "कुणाला? नाव-पत्ता सांगा बाई, उद्या नेऊन पोचवते. जोडीने पोचवते, एकेक नाही." एक लहान पोरगी उठून म्हणाली, "मग त्या अंकलचं नाव काय?" "माहीत नाही." "मग तुम्ही त्यांना काय म्हणता?" केशरबाईंनी जोडी पुन्हा फडक्यात गुंडाळली. पन्नास वर्षांत त्यांनी त्याला काहीच म्हटलं नव्हतं. त्या मंचावरून उतरल्या. टाळ्या वाजल्या, पण आधी विचार करून मग वाजवतात तशा. येताना गाडीत स्मिता खिडकीबाहेर बघत बसली आणि क्लेमेंटीच्या वळणाला म्हणाली, "आई, निदान आधी मला सांगायचं." "मलाच कुठे माहीत होतं," केशरबाई म्हणाल्या, आणि हे खरं होतं.

घरी आल्यावर त्यांनी कुणालाही मदतीला न घेता चहाच्या पातेल्यात नव्या आणलेल्या पुडीतली कॉफी उकळली. एक कप टेबलावर ठेवला, टोस्टचा पुडा शेजारी. रिआन दारात घुटमळला. त्याने इराकडे पाहिलं, इराने खांदे उडवले. "फॉर मी?" "हो, तुझाच. टेबलावर बसून खा," केशरबाई म्हणाल्या, "आणि साखर त्या डब्यात आहे." तो बसला. त्याने साखर घातली, एक चमचा, मग दुसरा, मग जरा थांबून आणखी एक, आणि म्हणाला की त्याची आजी अशीच घालायची, कॉफी नुसती गोड पाक. बुडवून खाताना पुन्हा त्याचे डोळे मिटले. केशरबाई बघत राहिल्या. मग त्यांनी आपल्यासाठी वाटीत दोन घोट ओतले आणि जन्मात पहिल्यांदा ती कॉफी तोंडाला लावली. विषासारखी कडू. ती त्यांनी गिळली. शंभरावर वर्षं आम्ही त्या माणसाला हे पाजतोय, त्यांच्या मनात आलं, आणि साखर घातली का रे बाबा, असं विचारायचं एकीलाही सुचलं नाही.

पोळा होऊन गेला होता. तरी त्यांनी जोडी फडक्यातून काढून पुन्हा कोपऱ्यात ठेवली, उजव्या अंगाला पाट मांडला, ओल्या हाताने पुसला. बशीत सबंध टोस्ट. कप. साखरेचा डबा त्या स्वतः खाली घेऊन बसल्या आणि रिआनने घातली तेवढीच साखर घालून, कपाला चमचा न लागू देता, ढवळत राहिल्या, तळाशी काही खरखरेना होईपर्यंत. मागे टेबलावर इरा आणि तो हळू आवाजात काही बोलत होते, बाहेर कॉरिडॉरमध्ये कोह आजीचं दार वाजलं. केशरबाईंनी हात जोडले नाहीत. घरी जेवायला बसलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी पाटाकडे पाहिलं, कप जरा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या."